आठांतली एक

आम्हा नवरा-बायकोचं आयुष्यात एकच खरं भांडण झालं. ते दारूवरून नव्हतं, गावाकडच्या भावांवरून नव्हतं. पोरीनं कुठल्या विद्यापीठात जायचं यावरून झालं. लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरी असं भांडण झालं असेल असं मला वाटत नाही. बायको जाऊन आता वर्ष होत आलं. लोक म्हणतात, चांगल्या गोष्टी आठवा. मला ते भांडणच आठवतं.

मी लूमवर कारीगर. धुळ्याकडून आलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आणि सगळी हयात सुरतेच्या खात्यांत गेली. खातं म्हणजे लूमचा कारखाना, तिकडे तसंच म्हणतात. बायको घरी साड्यांचे धागे कापायची. मशीनवरून उतरलेल्या साडीच्या उलट्या बाजूला लोंबते धागे असतात, ते कैचीनं काढायचे. आमची एकच पोर. ती पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या अंगावर धाग्यांचा चुरा असायचा. ती गणितात कशी निघाली ते देवाला ठाऊक. आमच्या दोघांच्या घरात मागं कुणी नव्हतं तसं. सुरतेच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, पहिली आली, आणि तिच्या मॅडमनं सांगितलं म्हणून तिनं पुढच्या शिक्षणासाठी दोन मोठ्या ठिकाणी परीक्षा दिल्या. दोन्हीकडे नंबर लागला.

एक दिल्लीचं. नाव असं की खात्याच्या सेठनंसुद्धा ते परत एकदा विचारून घेतलं. दुसरं दक्षिणेत, तेही तोडीस तोड मोठं, आणि तिथं त्यांनी तिला नुसतं घेतलं नव्हतं. देशभरातून आलेल्या पोरांतून ते दरवर्षी आठ जण वेगळे निवडायचे. त्यांना ऑनर्स स्कॉलर म्हणायचे. त्यांचं नाव मोठ्या दालनातल्या पाटीवर लागायचं, लायब्ररीत त्यांची जागा वेगळी, त्यांना शिकवायला एक प्रोफेसर खास, आणि कोटाला लावायला पितळी बिल्ला. त्या आठांत आमची पोर होती. फी दोन्हीकडे माफ होती, म्हणजे पैशाचा सवालच नव्हता. सवाल एवढाच की तो मान घ्यायचा, की मान सोडून दिल्लीला तीनशे पोरांत एक व्हायचं.

मला मान पाहिजे होता. सरळच सांगतो.

सुरतेत प्लेग आला त्यानंतरचा उन्हाळा होता तो. प्लेगच्या वेळी आम्ही सगळ्यांसारखे गाडीत कोंबून गावाकडे पळालो, आणि गावानं आम्हाला वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं. माझ्या सख्ख्या चुलतभावानं भाकऱ्या लांब दगडावर ठेवल्या आणि मागं न बघता गेला. सुरतेत आम्ही बाहेरचे, आणि गावाला आम्ही सुरतेचे. असल्या माणसाच्या पोरीचं नाव कुणी पाटीवर लिहितो म्हणत असेल तर माणूस नाही कसा म्हणेल?

बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी घर देखू."

आमच्यात पोर द्यायची तर आधी मुलाचं घर बघायला जातात. पाणी कुठून येतं, चूल कशी आहे, बायका बसतात कुठं, हे सगळं डोळ्यांनी बघायचं. तिच्या हिशेबानं हेही पोर देणंच होतं. दिल्लीवाल्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं. दक्षिणवाल्यांनी मात्र निवडलेल्या पोरांना एकदा येऊन भेटा, आई-वडिलांनाही आणा, असं कळवलं होतं. मग आम्ही तिघं निघालो. भुसावळला गाडी बदलली. भुसावळच्या पुढे मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. बायकोनं भाकरी, ठेचा आणि पाण्याचा कॅन सोबत घेतला होता.

"तिथं जेवण देणार आहेत माय," पोर म्हणाली.

"मुलीकडचे आधी जेवतस नई," बायको म्हणाली. घरात ती अहिराणीच बोलायची, बाहेरही तेच. "चहा लेसू. गोड नई."

हा आमच्यातला कायदा आहे. घर बघायला गेलं की चहा चालतो, पाणी चालतं. गोड चालत नाही. गोड खाल्लं म्हणजे पोर दिली. मागं माझ्या एका मामानं नुसता गुळाचा खडा तोंडात टाकला होता आणि त्याला ती सोयरीक करावीच लागली. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

विद्यापीठ म्हणजे एक गावच होतं, झाडंच झाडं. ऑफिसातल्या माणसानं कागद बघितला, कुठून आलात विचारलं. पोरीनं सुरत सांगितलं. त्यानं खुर्ची मागं सरकवली. प्लेग संपून किती महिने झाले होते, तरी. पोर खाली बघायला लागली. बायको मला म्हणाली, "लूमवर बोलतस तसं मोठ्ठ्यानं सांगा त्याले, आम्ही आंघोय करीसन येल शेत." मी नुसता कागद परत घेतला.

मग प्रोफेसर आला. पांढरे केस, पायात साधी चप्पल. त्याला थोडं हिंदी येत होतं. त्यानं त्या ऑफिसवाल्याच्या समोर माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. तसाच हात धरून मला दालनात नेलं. पाटी दाखवली, तुमच्या मुलीचं नाव इथं येणार म्हणून बोट ठेवलं. त्यांच्याकडे एक पिवळी वडी मिळते, तुपानं थबथबलेली, मैसूरपाक म्हणतात. ती त्यानं ताटलीतून उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "मुँह मीठा कीजिए."

मी खाल्ली.

ताटली बायकोपुढे गेली तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. प्रोफेसरला वाटलं उपास आहे. माझ्याकडे तिनं जे बघितलं ते मी इथं लिहू शकत नाही.

पोर आत प्रोफेसरशी बोलायला गेली तशी बायको उठली आणि घर बघायला निघाली. मी मागं मागं. मुलींच्या हॉस्टेलात तिनं नळ सोडून बघितला, न्हाणीघराच्या प्रत्येक दाराची कडी लावून बघितली, स्वयंपाकघरात डोकावली. तिथल्या आचाऱ्याला आमची भाषा येत नव्हती, तरी त्यानं तिला भाताचं पातेलं उघडून दाखवलं. ती खूश झाली. "चांगलं शे," म्हणाली. मला वाटलं, चला, सुटलो.

तिथं एक मुलगी कपडे वाळत घालत होती. ओढणीला पितळी बिल्ला. बायकोनं तिच्याशी अहिराणीत बोलायला सुरुवात केली, आणि नवल म्हणजे ती मराठीत उत्तर द्यायला लागली. अमरावतीकडची निघाली. गेल्या वर्षीच्या आठांतली.

बायकोनं तिला तेच विचारलं जे नव्या सुनेला विचारतात. "सुख शे का वं?"

"जेवण छान आहे, काकू."

"जेवण देखं मी. सुख इचारस."

मुलगी हसली. मग म्हणाली, "आम्ही स्कॉलर वेगळेच बसतो. बाकीची मुलं आमच्याशी फारशी बोलत नाहीत. आणि सर म्हणतील तोच विषय घ्यावा लागतो, कारण स्कॉलर त्यांचे. चांगले आहेत सर, तसं काही नाही. पण मार्क खाली आले की बिल्ला काढून घेतात. आमच्यातल्या एकीचा दिवाळीत गेला."

"मग ती घरी गेली?"

"नाही, इथंच आहे. इथंच शिकते. पण तिच्याशी आता आम्हीही नाही बोलत, आणि ते बाकीचेही नाहीत."

बायकोनं तिच्या हातातला पिळा घेतला, झटकला आणि दोरीवर टाकून दिला. मग मला परत दालनात घेऊन गेली. पाटीपुढे उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. गेल्या वर्षीच्या रकान्यात सात ओळी होत्या आणि एका ओळीवर तपकिरी रंग मारलेला होता. रंग पाटीच्या रंगाशी नीट जुळलाही नव्हता.

"हाई काय शे?"

"नाव खोडलंय."

"मंग पुरं पुसाले काय झालं व्हतं?" एवढंच बोलली.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. पोर बिल्ल्याबद्दल सांगत होती, प्रोफेसर किती चांगलं बोलले ते सांगत होती, आणि मध्येच थांबत होती. मला ते थांबणं आवडलं नाही.

खात्याला सुट्टी होती त्या दिवशी भांडण झालं. बायकोच्या मांडीवर साडी पसरलेली, दुसरं टोक पोरीनं धरलेलं, दोघी दोन्हीकडून धागे कापत होत्या. मी म्हणालो, आता कळवून टाकू, होय म्हणून. मी तिथं गोड खाऊन आलोय.

"तुम्ही खादं," बायको म्हणाली. "मी नई खादं."

"आपण एकाच घरचे ना?"

"पोर मनी बी शे. माय नं तोंड गोड व्हयनं नई, तवलग काई पक्कं व्हत नई. इचारा कोनले बी."

आणि ते खरं होतं. आमच्यात आईनं खाल्लं नाही तर सोयरीक लटकलेलीच राहते. तिनं तिथं पदर तोंडाला लावला तो उगाच नाही. मी चिडलो. म्हणालो, तुला नळ आवडला, भात आवडला, आता काय आडवं आलं? तुझ्या पोरीला कुणी मोठं म्हणतंय ते सहन होत नाही का?

ती साडीवरून मान न उचलता म्हणाली, "तुम्हले सेठनी हेड कारीगर करं व्हतं. काय व्हयनं?"

सेठनं मला एका दिवाळीला हेड कारीगर केलं होतं, सगळ्यांसमोर टोपी घातली होती. त्यानंतर लूम तेवढेच राहिले, बाकीच्या कारीगरांचं भांडण मात्र माझ्याकडे यायला लागलं. ज्यांच्याबरोबर मी विडी प्यायचो ते मला बघून विडी विझवायला लागले. आणि पुढच्या वर्षी सेठनं त्याच्या मेहुण्याच्या माणसाला हेड केलं. मला कुणी काही सांगितलं नाही. टोपी तेवढी घरात राहिली.

"ते सेठ होते," मी म्हणालो. "हे शिकलेले लोक आहेत."

"नाव त्यासनी बी खोडं ना?"

पोर धागेच कापत होती. मी तिला म्हणालो, तूच सांग बाई, तुझ्या मनात काय आहे. तिनं कैची खाली ठेवली.

"आप्पा, मला बिल्ला आवडला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पाटीवर माझं नाव कसं दिसेल ते मी गाडीत बसून लिहून बघितलं. दिल्लीत मला कोण विचारणार आहे? माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. तिथं मोठमोठ्या घरची पोरं येतात."

"मग झालं तर!"

"झालं नाही आप्पा. मला जे गणित करायचंय त्याची माणसं दिल्लीला आहेत. दक्षिणेत ते शिकवत नाहीत. सरांनी मला सांगितलं, इथं आलीस की ते विसर, मी देतो तो विषय घे. मी स्कॉलर झाले तर मला त्यांचं ऐकावं लागेल. नाही झाले तर कुणाचं ऐकायला नको."

"आणि तिथं नापास झालीस तर?"

"तर नापास होईन. कुणी रंग तर मारणार नाही."

बायकोनं साडीचं टोक ओढलं. "धर नीट," तिला म्हणाली, "इकडे धागा राह्यना." म्हणजे तिच्यापुरता निकाल लागला होता. मी उठून चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. मला कुणी थांबवलं नाही.

पण मी आधीच एक काम करून ठेवलं होतं. आमच्या समाजाच्या अध्यक्षांना सांगून बसलो होतो. आमचा समाज दर उन्हाळ्यात लिंबायतमध्ये गुणी पोरांचा सत्कार करतो. शाल, नारळ, आणि स्टेजवर नाव. अध्यक्ष पोरीचं नाव पहिलं लावणार होते, पुढे 'ऑनर्स स्कॉलर'. मी टपरीवर बसलो होतो तर तेच आले. मी त्यांना घरी नेलं आणि झालं ते सांगितलं.

"अरे भाऊ, पण मिळालं तर होतं ना?" ते म्हणाले. "मग लिहायला काय जातंय?"

"नका लिहू काका," पोर म्हणाली. "मी ते सोडलं."

"सोडलं तरी काय झालं? आपला माजी सरपंच अजून गाडीवर सरपंच लिहितो. मी 'माजी स्कॉलर' लिहू का?"

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. पोरही हसली. मी हसलो नाही, पण मला आठवतं, त्या दिवसांत घरात पहिल्यांदा कुणी हसलं ते तेव्हा.

सत्काराला पोर मधल्या रांगेत बसली. एका मुलाला सुरतेजवळ हजीऱ्याच्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेतलं होतं, सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. आमच्या पोरीचं नाव घेताना अध्यक्ष म्हणाले, "ही पुढे शिकायला दिल्लीला चालली आहे," आणि लोकांनी थोड्या टाळ्या वाजवून नारळाकडे बघितलं. मागून एक बाई म्हणाली, आता लग्न कधी करायचं हिचं? मी मान खाली घालून बसलो. बायको मात्र ताठ बसली होती.

प्रोफेसरचं मला वाईट वाटत होतं. त्यानं सगळ्यांसमोर माझा हात धरला होता. गोड खाऊन नाही म्हणायचं हे माझ्याच्यानं होईना. मी पोरीला म्हणालो, तू नकार कळवशील त्यात माझं एवढं घाल, की माझ्या वडिलांनी तुमच्याकडे गोड खाल्लं, ते चुकून झालं, राग धरू नका. तिनं कपाळाला हात लावला. "आप्पा, त्यांना कळणार पण नाही हे काय ते." मी म्हणालो, कळो न कळो, तू घाल. तिनं घातलं. त्या भल्या माणसाला काय वाटलं असेल कोण जाणे. उत्तर आलं नाही.

पोर दिल्लीला गेली. पहिल्याच सहामाहीत तिचा फोन आला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान होतं तिथं. ती रडत होती. म्हणाली, आप्पा, इथं माझा नंबर शेवटच्या काहींत आहे. वर्गात मी तोंड उघडलं नाही अजून. तिकडे मी आठांतली एक झाले असते. इथं मी कुणीच नाही.

माझ्या तोंडात शब्द आले होते, सांगत होतो ना. बायकोनं माझा चेहरा बघितला आणि फोन हातातून काढून घेतला.

"जेवतस का?" तिनं विचारलं. तिकडून काहीतरी उत्तर आलं. "कोणसंगे जेवतस?"

बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाच-सहा पोरी शेत. एकीच्या खोलीत जमतस, एकत्र अभ्यास करतस. एक पंजाबी शे, ती रोज इन्ले गणित इचारस." परत फोनमध्ये म्हणाली, "मंग रड. रड आनि जेव." आणि फोन ठेवून दिला.

पोर शेवटी पास झाली. पहिली नाही आली, दुसरीही नाही. कुठंतरी मध्ये. आज ती कॉलेजात शिकवते, दोन पोरं आहेत तिला, केस पिकायला लागलेत. मोठं नाव तिचं झालं नाही. ती गणित अजून करते, रविवारी, पोरं झोपली की. तिच्या आईच्या दहाव्याला आली होती तेव्हा सगळे गेल्यावर मी तिला विचारलं, बिल्ला घेतला असतास तर आज कुठं असतीस? ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला माहीत नाही आप्पा. खरंच माहीत नाही. कधी वाटतं चुकलं. कधी वाटतं तिथं मेले असते." आणि पुसलेलं ताट परत पुसायला लागली.

हे मी बायकोलाही दर चार-सहा महिन्यांनी विचारायचो. टीव्हीवर कुणा पोरीचा सत्कार दिसला की माझं सुरू व्हायचं. ती चिडायची. म्हणायची, तुम्हाला पोर नको होती, पाटी पाहिजे होती. मी म्हणायचो, तू पोरीचं नुकसान केलंस. मग ती ताट आपटायची, मी बाहेर जाऊन बसायचो, आणि थोड्या वेळानं तीच हाक मारायची. पंचवीस वर्षांवर हे चाललं. दोघांपैकी एकानंही हार मानली नाही.

आता मी एकटाच दोन्हीकडून बोलतो. सकाळी माझ्या बाजूनं बोलतो, की मान मिळत होता तो घ्यायला हवा होता, पोर आज मोठी असती. मग तिच्या बाजूनं उत्तर द्यायला जातो, तर तिच्यासारखं येत नाही मला. ती काय म्हणाली असती ते आठवतं, पण त्यात जोर राहत नाही. म्हणून वाद माझ्याच बाजूनं सुटतो, आणि जिंकून मला काही बरं वाटत नाही. चहा करायला उठतो. कप एकच काढतो आता, ते जमायला लागलंय.